चार पोटऱ्या आणि एक ससा

यानस बोस्मा दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसत होता. चार मिनिटं झाली होती. बाहेर कोरडं ऊन होतं.

"पायपुसणं झिजेल," आतून आवाज आला. "या आत."

आवाज खेसिना रूल्फ्सचा होता. एल्सवेर गावातली ती एकमेव खासगी गुप्तहेर. गावात गुन्हे फारसे होत नसल्यामुळे ती मुख्यतः हरवलेल्या सायकली शोधायची, आणि सायकली मुख्यतः कालव्यात सापडायच्या. त्याआधी अकरा वर्षं तिने एका विमा कंपनीचं काम केलं होतं. आजारपणाची रजा घेतलेला माणूस खरंच आजारी आहे की नाही, हे त्याचं दार वाजवून बघायचं. त्या काळात तिला गावोगावच्या लोकांनी दारातूनच ओळखायला आणि दारातूनच शिव्या द्यायला सुरुवात केली होती.

तिच्या शेजारी हार्म बसला होता. निवृत्त बेकरीवाला. त्याचं डोकं पावाच्या पिठासारखं होतं. उबेत ठेवलं की फुगायचं, पण घाई करून उपयोग नसायचा.

यानस खुर्चीच्या टोकावर बसला. एक मीटर शहाण्णव सेंटिमीटर उंचीचा माणूस शक्य तितका लहान होऊन बसला होता.

"बाई, मी चोर आहे असं गाव म्हणतंय. आज तीन वाजता क्लबात पदकांचा कार्यक्रम आहे. तिथे सगळ्यांसमोर मला काढून टाकणार आहेत."

"चोरलं काय?"

"ससा."

हार्मने वहीत 'ससा' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

"शिक्का आहे तो," हार्मच खेसिनाला म्हणाला. तो स्वतः क्लबात होता. "आमची चार संध्याकाळची चाल असते ना, जूनमधली. रोज दहा किलोमीटर. वाटेत एक चौकी. पहिल्या दिवशी गायीचा शिक्का, मग बगळा, मग ससा, शेवटी लाकडी बूट. चार शिक्के, एक पदक. शिक्का नाही तर पदक नाही."

"ससा माझ्याकडे असतो," यानस म्हणाला. "कालव्याच्या जलद्वाराजवळ, चौकीच्या खोलीत. गुरुवारी संध्याकाळी सातला गेला. माझ्या मागून आलेल्या तेवीस जणांच्या कार्डावर ससा नाही. त्यातली एकोणीस लहान मुलं आहेत. आज सकाळी बेकरीत माझा नंबर आला, तर बाईने माझ्या मागच्याला विचारलं, काय देऊ."

"तुम्ही तो का चोराल?"

यानसने टोपी गुडघ्यावर ठेवली, मग दुसऱ्या गुडघ्यावर.

"सात वर्षांपूर्वी माझं पंचविसावं वर्ष होतं. पावसात कार्ड भिजलं, एक शिक्का पुसला गेला. अध्यक्ष वोल्टर म्हणाले, दिसत नाही म्हणजे नाही. पदक मिळालं नाही. त्यानंतर मी चाललो नाही, शिक्के मारायला बसलो. आता लोक म्हणतात, सूड घेतला. आणि नेमका यंदा, वोल्टरच्या चाळिसाव्या वर्षी."

"तुम्ही खोली सोडून गेला होतात?"

"नाही."

खेसिना काही बोलली नाही. अकरा वर्षांत ती दोनच गोष्टी शिकली होती, त्यातली ही एक.

"दोन मिनिटं," यानस म्हणाला. "खोलीच्या मागे."

"कशाला?"

यानस टोपीकडे बघू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच हार्मला खेसिनाच्या आधी कळलं. तो खोकला.

"समितीला मी सांगितलं, जागचा हललो नाही म्हणून," यानस म्हणाला. "तिथे अध्यक्ष सोडले तर सगळ्या बायका बसल्या होत्या. त्यांना काय सांगणार."

"आणि परत आलात तेव्हा?"

"बांधावरून कोणीतरी जात होतं. पाठमोरं. पिवळा रेनकोट, टोपी वर. क्लबात सगळ्यांचा तोच आहे. लंगडत होता माणूस, उजवा पाय ओढत. पण थांबला नाही. गाड्यांच्या तळापर्यंत चारशे पावलं आहेत. एका दमात गेला."

"हाक का नाही मारलीत?"

"बटणं लावत होतो."

हार्मने 'बटणं' लिहिलं.

"शिक्का कुठे होता?"

"वर तुळईला खिळा आहे, त्याला अडकवलेला. मुलं हात लावतात म्हणून उंचावर."

खेसिनाने हार्मचं कार्ड मागितलं. हार्म गुरुवारी सातच्या बराच आधी चौकीवर पोचला होता, त्यामुळे त्याचे चारही शिक्के होते. गाय निळी, बगळा निळा, लाकडी बूट निळा. ससा लाल.

"हा लाल का?"

"माझी निळी शाईची गादी वाळली होती. मुलीची लाल नेली. पहिल्या कार्डापासून लालच मारले. त्यातही काही चूक झाली का?"

"नाही," खेसिना म्हणाली. "क्लबात सध्या उजव्या पायाने कोण लंगडतंय?"

हार्मने बोटांवर मोजलं. चार संध्याकाळ चालल्यानंतर क्लबात कोण लंगडत नाही, हे सांगणं सोपं होतं. पण उजवा पाय आणि पोटरी धरणारे चारच निघाले. चीजवाला रूलोफ, शाळेतली व्यायामशिक्षिका इल्से, खजिनदार आलीदा आणि अध्यक्ष वोल्टर.

खेसिनाने टेबलाच्या खणातून शिंप्याची मोजपट्टी काढून खिशात टाकली.

"कपडे शिवणार?" हार्मने विचारलं.

"पोटऱ्या मोजणार."

हार्मने तेही लिहिलं. सायकलीवर बसल्यावर त्याने पुन्हा एकदा विचारलं, आणि तिने पुन्हा तेच सांगितलं.

रूलोफ त्यांना रस्त्यातच सापडला. तो बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानासमोर उभा होता आणि काचेतून आत अत्यंत एकाग्रतेने बघत होता. गेली दोन वर्षं तो रोज तिथे असाच उभा राहायचा. गावाने त्याच्याबद्दल मत बनवलेलं होतं, आणि ते बदलण्याचा त्याने कधी प्रयत्न केला नव्हता.

"रूलोफ, पोटरी कधी दुखते?"

"कोण म्हणतं दुखते?"

"चालताना?"

रूलोफने इकडेतिकडे पाहिलं. "घरापासून इथपर्यंत दीडशे पावलं होतात. इथे आलं की पोटरी आवळल्यासारखी होते. दोन मिनिटं उभं राहिलं की जाते. मग दीडशे पावलं. मग औषधाचं दुकान."

"म्हणजे तू या... या मालाकडे बघत नाहीस?" हार्म म्हणाला.

"मला लेस आवडतही नाही," रूलोफ म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण चाळीस वर्षं सिगारेट ओढून माणूस दीडशे पावलं चालू शकत नाही, असं गावाने म्हणण्यापेक्षा हे बरं."

खेसिनाने मोजपट्टी लावली. दोन्ही पोटऱ्या सारख्या. उजव्या पायाचं पाऊल मात्र जूनमध्येही गार होतं.

"चारशे पावलं सलग?"

"सलग मी स्वप्नातच चालतो. यंदा कार्डच घेतलं नाही. सरबताच्या टेबलावर होतो."

इल्से शाळेच्या व्यायामशाळेत गाद्यांच्या ढिगावर पाय वर करून, पोटरीवर बर्फाची पिशवी ठेवून बसली होती. उंची एक मीटर अठ्ठावन्न, शिट्टीसकट.

"उंच उडी दाखवताना झालं," ती म्हणाली.

खेसिना गप्प बसली.

"बुधवारी," इल्से म्हणाली. "आइसक्रीमची गाडी निघून चालली होती. मी धावले. पोटरीवर कोणीतरी दगड मारल्यासारखं झालं, टक्क आवाज आला. मी मागे वळून सहावीच्या मुलांना झापलं. तिथे कोणी नव्हतं. सहावीची मुलं तर नव्हतीच, फक्त एक बदक होतं. मी बदकाला झापलं."

तिची पोटरी घोट्यापर्यंत जांभळी झाली होती.

"पंजांवर उभ्या राहा."

इल्से उठली, टाच उचलायला गेली आणि पांढरी पडून परत बसली. "नाही होत. मी व्यायामशिक्षिका आहे, बाई. हे बाहेर सांगू नका."

"आइसक्रीम मिळालं?" हार्मने विचारलं.

"नाही."

आलीदा एकाहत्तर वर्षांची होती. तिने कॉफी दिली, प्रत्येकी एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. हार्म झाकणाकडे बघत राहिला.

"पेटके येतात," ती म्हणाली. "रात्री झोपेत. पोटरीचा दगड होतो. मी ओरडते."

"काय ओरडता?"

आलीदाने खिडकीबाहेर पाहिलं. पलीकडच्या घरात पाद्री राहायचे. "जे ओरडते ते मला दिवसा येतही नाही. मागच्या रविवारी त्यांनी जिभेवर ताबा या विषयावर प्रवचन दिलं. माझ्याकडे न बघता. चाळीस मिनिटं न बघता."

"किती वेळ टिकतं?"

"बोटं वर ओढली की दोन मिनिटांत जातं. सकाळी जरा लंगडते. दुपारपर्यंत ठणठणीत. गुरुवारी सातला? सातला मी मैदानात मुलांना दोरीच्या उड्या मारून दाखवत होते. विचारा कुणालाही."

हार्मला ते बघितल्याचं आठवलं. त्याने ते लिहिलंही, पण 'ससा' या शब्दाच्या वर.

क्लबात पोचले तेव्हा अडीच वाजायला आले होते. मैदानात मुलं जमत होती. समितीच्या खोलीत वोल्टर डायकेमा उजवा पाय स्टुलावर ठेवून बसला होता. चौसष्ट वर्षांचा, उंच, ताठ माणूस. टेबलावर मखमलीच्या डबीत चाळीस आकडा कोरलेलं पदक होतं. बाहेर त्याची कॅरॅव्हॅन उभी होती, पुढच्या काचेवर अख्ख्या युरोपातले किडे.

"बसा," तो म्हणाला. "यानसचं कळलं असेल. वाईट झालं. पण नियम आहे."

"प्रवास कसा झाला?" खेसिनाने विचारलं.

वोल्टर खुलला. "पोर्तुगालहून थेट. रविवारी रात्री पोचलो. सव्वीस तास, एका दमात. फक्त पेट्रोलला थांबलो. थर्मास आणि पावाचे तुकडे मांडीवर. माझे वडीलही असेच यायचे. वाटेत हॉटेलात झोपतात ते बेल्जियन." त्याने मधेच श्वास घेतला. "जुने... जुने लोक थांबत नव्हते."

"आणि पोटरी?"

"स्नायू. चालून चालून. सोमवारी जिना उतरताना जाणवली, मग कायमच. बसलं तरी दुखते, उभं राहिलं तरी दुखते. हार्म म्हणाला गरम तेलाने चोळ. कालपासून चोळतोय."

"आमच्या आजीचा उपाय," हार्म खुश होऊन म्हणाला.

"डॉक्टरांना फोन केला?"

"पोटरीसाठी? त्यांची मदतनीस म्हणेल, पॅरासिटामॉल घ्या आणि पुढच्या आठवड्यात बघू. तेवढं मला घरीच म्हणता येतं." त्याने कार्ड पुढे सरकवलं. "हे बघा. गाय, बगळा, ससा, बूट. एका रांगेत, एका रंगात. याला म्हणतात शिस्त."

खेसिनाने कार्ड पाहिलं. मग ती खाली बसली आणि काही न विचारता त्याच्या पँटचा पाय वर केला. मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उमटला होता. वरची कातडी ताणलेली, लालसर, चकाकत होती. तिने हात लावला. गरम. डावी पोटरी सदतीस सेंटिमीटर, उजवी एक्केचाळीस.

"छातीत काही होतं?"

"काल रात्रीपासून श्वास घेताना जरा टोचतंय. वय झालं."

खेसिना उठली, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. दोन मिनिटांनी ती परत आली तेव्हा तिच्यामागे कार्यक्रमासाठी आलेले यानस, रूलोफ, इल्से आणि आलीदा होते.

"मला साधारण नऊ मिनिटं आहेत," ती म्हणाली. "अध्यक्ष, तुम्ही उठू नका. काहीही झालं तरी उठू नका. आणि चोळू नका."

नऊच का, हे कुणी विचारलं नाही. हार्मने घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवली.

"शिक्का नेणारा उजव्या पायाने लंगडत, न थांबता चारशे पावलं गेला. तुम्हा चौघांचाही उजवा पाय दुखतो. पण पोटऱ्या सारख्या दुखत नाहीत. रूलोफ, तुझ्या पायातल्या रक्तवाहिन्या आत चोंदल्यात, चालताना रक्त पुरत नाही. दीडशे पावलांवर तुला थांबावंच लागतं. तू असतास तर यानसने तुला बांधावर बदकं बघताना पकडलं असतं. सोमवारी डॉक्टरकडे जा. पाय सांगतोय ते उद्या हृदयही सांगेल."

रूलोफ जमिनीकडे बघत होता.

"इल्से, स्नायू फाटलाय. खिळा तुळईला आहे. तुमच्या उंचीच्या माणसाला पंजांवर उभं राहावं लागेल, आणि तुम्ही टाचही उचलू शकत नाही. बर्फ चालू ठेवा, पाय वर ठेवा. टाच पुढच्या आठवड्यातही उचलली नाही तर दाखवून या. आलीदा, तुमचे पेटके रात्री येतात आणि दुपारपर्यंत विरतात. संध्याकाळी सातला तुम्ही दोरीच्या उड्या मारत होतात, लंगडायला पायच रिकामा नव्हता. पण रोज रात्री व्हायला लागलं तर डॉक्टरांना विचारा. शिव्यांबद्दल पाद्रींना मी काही सांगणार नाही."

"त्यांना पाठ झाल्यात," आलीदा म्हणाली.

खोलीत चौथी खुर्ची उरली. कोणी तिकडे बघत नव्हतं.

"यानसने गुरुवारी पहिल्या कार्डापासून लाल शाई वापरली," खेसिना म्हणाली. "चौकीवर शिक्का मारून घेतलेल्या प्रत्येकाचा ससा लाल आहे. फक्त एक ससा निळा आहे. तो क्लबाच्या ऑफिसातल्या गादीवर मारलेला आहे. आणि ती पोटरी चालून दुखत नाही. चाल मंगळवारी सुरू झाली, पोटरी सोमवारी. सव्वीस तास एका जागी बसल्याने तिथे रक्ताची गाठ झालीय. एकाच पायाला सूज, गरम, लाल, बसूनही दुखणारी. आणि श्वास घेताना टोचतंय म्हणजे तिचा एखादा तुकडा सुटून वर छातीत गेलेला असू शकतो. हे मुरलेलं दुखणं नाही, वोल्टर. यात माणूस आजच्या आज जातो."

वोल्टरने पदकाची डबी बंद केली.

"मी परत ठेवणार होतो," तो म्हणाला. आवाज इतका लहान होता की हार्म लिहायचं विसरला. "गुरुवारी पाय टेकवत नव्हता. गाडीने जलद्वारापर्यंत गेलो. गाड्यांच्या तळाकडून येताना यानसने बघितलं असतं तर त्याला कळलं असतं. तो मागे गेला तेव्हा... एकच ठसा मारायचा होता. तेवढ्यात त्याची चाहूल लागली. शिक्का हातात, आणि मी चालायला लागलो."

"नुसतं सांगितलं असतंत, पाय दुखतोय म्हणून," इल्से म्हणाली. मग तिला स्वतःचं बदक आठवलं असावं.

"एकोणचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, शिक्का नाही तर पदक नाही. कसं सांगणार." वोल्टरने खिशात हात घातला आणि लाकडी दांड्याचा शिक्का टेबलावर ठेवला. तो दोन दिवस त्याने खिशातच बाळगला होता, कारण घरात कुठेही ठेवला तरी तो तिथून बघायचा, असं तो म्हणाला. "गावाने तुला चोर म्हटलं, यानस. मी ऐकत होतो. मी मान हलवली."

यानसने शिक्क्याकडे पाहिलं. त्याने तो उचलून बाहीने पुसला, आणि ते वोल्टरला सहन झालं नाही. तो उठायला गेला.

"बसा," खेसिना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग उतरला. "विम्याच्या कामावर असताना एक बसड्रायव्हर होता. पोटरी दुखते म्हणून रजेवर. मी दार वाजवलं, त्याने स्वतः उघडलं, हसून कॉफी दिली. मी अहवालात लिहिलं, चालू शकतो, सोंग आहे. चार दिवसांनी त्याच्या बायकोने मला फोन केला. ती रागावली नव्हती. फक्त विचारत होती, तुम्ही आलात तेव्हा तो काही बोलला का." तिने मोजपट्टी गुंडाळली. "मी त्याची पोटरी बघितलीच नव्हती."

बाहेर मैदानातला गलका एकदम थांबला. सायरन जवळ येत होता.

हार्मने घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं. मग त्याचं डोकं फुगून वर आलं.

"मी त्याला चोळायला सांगितलं," तो म्हणाला.

"हो," खेसिना म्हणाली.

हार्मने वही मिटली. त्या दिवशी त्याने पुन्हा ती उघडली नाही.

स्ट्रेचर मैदानातून, एकोणीस मुलांच्या समोरून गेलं. दारात वोल्टरने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. नर्सला वाटलं त्याला श्वास हवाय. त्याला बोलायचं होतं. "शिक्का मी नेला होता," तो मुलांना म्हणाला. "यानसने नाही." एवढ्यावर त्याचा दम संपला, आणि दारं लागली.

गाठ मांडीपर्यंत गेली होती आणि तिचा एक तुकडा फुप्फुसात. डॉक्टर म्हणाल्या, कार्यक्रम तीनला सुरू होऊन, भाषण होऊन, पदक लावायला तो उभा राहिला असता, तर बहुधा ते पदक त्याच्यासोबतच पुरावं लागलं असतं. त्या जरा स्पष्टवक्त्या होत्या.

दवाखान्यातून वोल्टरने समितीला पत्र लिहिलं. तेवीस जणांना पदकं द्यावीत. चाळीसचं पदक वितळवावं. आणि यानसला सात वर्षांपूर्वीचं पंचविसावं द्यावं. समितीने पदक डबीत घालून यानसच्या घरी पाठवलं. यानसने ते परत केलं. सोबत चिठ्ठी होती: 'शिक्का दिसत नाही म्हणजे नाही.' वोल्टरने ती चिठ्ठी चारदा वाचली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मंगळवारी यानस स्वतः आला. वॉर्डच्या दाराशी पाय पुसत उभा राहिला. तिथे पायपुसणं नव्हतं.

"चालायला सांगितलंय म्हणे," तो म्हणाला.

"खिडकीपर्यंत. बावीस मीटर."

"मग चला."

वोल्टर औषधाच्या नळीचा खांब धरून निघाला. मधे दोनदा थांबला. दोन्ही वेळेला तो भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचनेकडे लक्षपूर्वक बघत उभा राहिला, मग त्याला रूलोफ आठवला आणि त्याने ते बंद केलं. "दुखतंय," तो म्हणाला. मोठ्याने. दोन नर्स वळल्या.

खिडकीशी यानसने स्टुलावर लाल गादी उघडून ठेवली होती. शेजारी कोरं कार्ड. त्यावर वर्षाच्या जागी 'पहिलं' असं लिहिलेलं.

वोल्टरने कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं. मान वर करणं त्याला जमलं नाही.

"यानस," तो म्हणाला, "त्या दिवशी मी जी मान हलवली..."

"आलात कुठून?" यानसने चौकीवरच्या आवाजात विचारलं.

"अं?"

"कुठल्या बाजूने आलात? मला विचारावं लागतं. नियम आहे."

वोल्टरने मागे, लांब पडलेल्या रिकाम्या व्हरांड्याकडे हात केला. "तिथून. चालत."

"बघितलं मी," यानस म्हणाला, आणि शिक्का मारला.